गुलमोहराखालची गाडी

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत घरं जुनी आणि गाड्या नव्या. घरं बांधली तेव्हा दारात सायकलीपुरती जागा सुटली तरी पुष्कळ झालं असं मानायचा काळ होता. त्यामुळे 2016 च्या उन्हाळ्यात मी एक वापरलेली, लहान पेट्रोल गाडी घेतली, तेव्हा ती समोरच्या गुलमोहराखालीच उभी राहणार हे ठरलेलं होतं. एप्रिल-मे तिथं गार सावली होती आणि रोज सकाळी टपावर लाल पाकळ्यांचा सडा. गल्लीनं हेवा केला.

मृग लागायच्या आत लक्ष्मीपुरीतून जाड रबरी अस्तराचं कव्हर आणलं. पाण्याचा थेंब आत जाणार नाही, असं दुकानदार म्हणाला आणि ते खरंच होतं. मी रोज संध्याकाळी ओल्या गाडीवर ते चढवायचो, दोऱ्या आवळायचो आणि समाधानानं वर जायचो.

कोल्हापूर शहराचा पाऊस आकड्यात पाहिला तर फार नाही. गगनबावड्यात जे कोसळतं त्यापुढं आमचा पाऊस म्हणजे शिंतोडे. पण तरणा आणि म्हातारा, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, या दोन नक्षत्रांत इथं उघडीप म्हणून मिळत नाही. दिवसभर रिपरिप. धुणं चार-चार दिवस दमट, डब्यातलं मीठ पाणावलेलं, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी. गाडीचंही तेच होणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण गाडी झाकलेली होती ना!

त्या जुलैत दहा-बारा दिवस गाडी काढायचं कामच पडलं नाही. मग एका सकाळी दार उघडलं आणि ओल्या गोणपाटाचा वास अंगावर आला. स्टिअरिंगवर पांढरी-हिरवी बुरशी. सीटबेल्टवर तशीच. डाव्या बाजूला, पुढं बसणाऱ्याच्या पायाशी हात लावला तर गालिचा पचपचला. त्यात गाडी जागची हलेना. हँडब्रेक ओढून ठेवला होता आणि मागच्या चाकांचे लायनर ओलीनं ड्रमला चिकटले होते. रेस वाढवल्यावर 'टक्' असा आवाज करून एकदाची सुटली.

दारातून पाणी गळतंय हे माझं निदान. एका ठिकाणी चारी दारांचं रबर बदलून घेतलं. चांगले पैसे गेले आणि आठवड्यात गालिचा पुन्हा पचपचला. तेव्हा कुणीतरी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी दारांकडे बघितलंसुद्धा नाही. पाण्याची बाटली घेतली, पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या जाळीत सावकाश रिकामी केली आणि मला म्हणाले, "सर, आता आत बघा."

आत पाणी टपटपत होतं.

"गाडी कशाखाली लावताय?"

"गुलमोहराखाली."

"मग बरोबर हाय."

त्यांनी वायपर काढले, काळी प्लॅस्टिकची जाळी उचलली. खाली पन्हळीसारखी जागा असते, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. काचेवरून ओघळणारं पाणी तिथं जमतं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागून जमिनीवर जातं. गुलमोहराची पानं म्हणजे बारीक तुकडे, जिऱ्यापेक्षा थोडी मोठी. आंब्याचं पान जाळीवर अडतं, ते दिसतं तरी. गुलमोहराचं पान जाळीतून आत जातं आणि तळाशी कुजून त्याचं खत होतं. माझ्या गाडीत दोन ओंजळी खत निघालं आणि त्यात बोटभर उंचीचं कसलंसं रोप. भोकं बुजल्यावर पाणी चढलं आणि एसीचा पंखा जिथून बाहेरची हवा घेतो त्या तोंडातून थेट आत उतरलं.

मिस्त्री म्हणाले, "राधानगरीच्या धरणाला दारं हायती, तशी गाडीलाबी हायती. ती बुजवली तर पाणी जानार कुठं?" कोल्हापूरच्या माणसाला याहून सोपं करून सांगता येणार नाही. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, त्यातला कितवा उघडला, हे पावसाळ्यात आमच्याकडं चहाबरोबर विचारलं जातं.

आणि कव्हरबद्दल? "त्यानं तर कुजवलीय. ओलं अंग गोधडीत गुंडाळून झोपताय का तुमी?"

ते मला फार लागलं. आमच्या आजोळी, पन्हाळ्याच्या बाजूला, लावणीला बायका इरलं घेऊन वाकलेल्या असत. इरलं पाठीवरून पाणी घालवतं, पण खालून पूर्ण उघडं असतं. आतलं माणूस घामानं भिजत नाही. मी गाडीला इरलं द्यायच्या ऐवजी तिला पोत्यात घातलं होतं. कव्हरवरचं पाणी आत येत नव्हतं, तसं आधीच आत शिरलेलं बाहेरही जात नव्हतं. शिवाय वाऱ्यानं कव्हर फडफडून त्याखालच्या धुळीनं टपावर ओरखडे काढले होते, ते आजही आहेत. रंगाला पावसाचं पाणी काही करत नाही. पाणी साचून राहिलं, चिखल चाकांवरच्या पोकळीत थापून राहिला, की पत्रा गंजतो.

सुकवणं मात्र दुरुस्तीपेक्षा कठीण निघालं. गालिच्याखाली जाड फोम असतो आणि तो स्पंजासारखं पाणी धरतो. वरून कोरडा लागला तरी खाली ओलाच. पुढच्या सीटा काढाव्या लागल्या. गालिचा आमच्या माळ्यावर पंख्याखाली आठ दिवस टांगलेला होता. तोवर मी उघड्या पत्र्यावर पुढारीचे अंक अंथरून गाडी चालवली. बुरशी पाण्यात व्हिनेगर घालून पुसली. ती गेली; वास दिवाळीपर्यंत राहिला.

त्यानंतर गाडी गुलमोहराखालीच आहे, दुसरी जागा नाहीच. कव्हर फक्त उन्हाळ्यात, तेही कोरड्या गाडीवर. पावसाळ्यात हँडब्रेक ओढत नाही, पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाला वीट लावतो. दोन दिवसांआड गाडी काढून पंधरा-वीस मिनिटं फिरवतो, एसी लावून, बाहेरची हवा आत घेत. एसी थंडीसाठी नाही, तो हवेतलं पाणी काढतो म्हणून. ते पाणी गाडीखाली ठिबकताना दिसलं पाहिजे; नाही दिसलं तर त्याची नळी तुंबली आणि तेही आतच येणार. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी करतो. मिस्त्रींनी उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखूची पुरचुंडी बांधायला सांगितली. उंदरांचं माहीत नाही, मला मात्र दरवेळी शिंका येतात. श्रावणात ऊन पडलं की चारी दारं सताड उघडून ठेवतो. जाणारा-येणारा विचारतो, "काय सर, विकायला काढली काय?"

हे सगळं पावसापुरतं. पुरापुढं यातलं काही चालत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. नागाळा पार्कात माझ्या मेहुण्याची गाडी सीटच्या वरपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर त्यानं बघू तरी म्हणून किल्ली फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं होतं आणि पाणी दाबलं जात नाही. आतला दांडा वाकला. विमा कंपनीनं इंजिनाचा खर्च नाकारला. बुडालेली गाडी सुरू करून बघायची नसते, तशीच ओढून न्यायची असते, हे घरातल्या प्रत्येकाला तेव्हा पाठ झालं. जुलै 2021 मध्ये पाणी 56 फुटांवर गेलं, तेव्हा तो आदल्या संध्याकाळीच गाडी घेऊन आमच्या गल्लीत आला आणि माझ्या गाडीच्या मागं, गुलमोहराखाली लावली.

कोल्हापुरात सर्वांत निगुतीनं ठेवलेली गाडी म्हणजे छत्रपती घराण्याची मेबॅक. ती शाही दसऱ्याला दसरा चौकात येते, पाऊस सरल्यावर. तिचं बरं आहे.

आपली गाडी झाडाखाली उभी असेल तर रोहिण्यांतच एक काम करा. पुढच्या काचेच्या पायथ्याशी तांब्याभर पाणी ओता आणि वाकून बघा. पुढच्या चाकांच्या मागून धार लागली तर ठीक. नाही लागली तर वायपरखालची जाळी आजच काढा.