बंबावरची मुलगी

पायलटच्या नोकरीत बढती म्हणजे मोठं विमान. लॉगबुकात तास साठले की चिमुकल्या विमानातून टर्बोप्रॉपमध्ये, तिथून जेटमध्ये. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर भेटलेला तो पायलटही तास जमवायलाच आला होता. राहिला तो राहिलाच.

त्याचं ‘आयलँडर’ जेमतेम आठ प्रवाशांचं. तोल सांभाळायचा म्हणून कोणी कुठं बसायचं ते विमानतळावरची माणसंच सांगतात. मला थेट पायलटच्या शेजारची खुर्ची मिळाली. वेस्ट्रे बेट ते पापा वेस्ट्रे बेट हे अंतर २.७ किलोमीटर. १९६७ पासून चालू असलेलं हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण. वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. हौशी लोक या उड्डाणाचं प्रमाणपत्र घेऊन जातात. मला कुतूहल वेगळंच होतं: विमान पुरतं चढायच्या आत उतरवायला लागणारा माणूस कंटाळत कसा नाही? इंजिनांच्या आवाजात विचारणं शक्य नव्हतं. बोलणं झालं नंतर, ऑर्कनीच्या मुख्य गावी, कर्कवॉलला, चहावर.

पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आत. तिथं एकेका माणसाला चार-चार कामं. विमान उतरताना आगीचा बंब आणि त्यावरची माणसं हजर लागतात, तीही बेटावरचीच. त्यांत एक मुलगी होती. ढगळ पँट, डोळ्यांवर येणारं हेल्मेट, वाऱ्यात पाय रोवून उभी. विमान पेटलंच तर विझवायला! तो उतरणार म्हणजे ती असणारच, आणि ती आल्याशिवाय त्याला उतरता यायचं नाही. स्थळं जुळवणाऱ्या आपल्या मावशा-आत्यांनाही इतका चोख बंदोबस्त जमला नसता.

शहराला विटलेला पुरुष, बेट, मुलगी, मग शांती, असल्या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही. बेटावर कसली शांती? धुकं बसलं की विमान बंद. डॉक्टर, फिरते शिक्षक अडकून पडतात. मला वाटतं, ती आवडायच्या आधीच तो गुंतला असावा. दिवस भरत आलेल्या बाईला त्यानं कर्कवॉलला न्यायचं आणि पुढं तीच बाई कडेवर बाळ घेऊन त्याच्याच विमानात परत चढायची. आपल्याकडे मुक्कामी एसटीच्या ड्रायव्हरला गावातली आजारपणं आणि सोयरिकी ठाऊक असतात, तसंच हे. जेटच्या पायलटला पाठीमागं कोण बसलंय ते कळत नाही. याला कळतं, आणि एकदा कळायला लागलं की पगाराचा आकडा थोडा मागं पडत असावा. थोडाच; त्याबद्दल त्यानं कुरकुर केलीच.

आता दोघं कर्कवॉलला राहतात. सासूबाई अजून बेटावर. दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर त्या जावयाच्याच विमानात बसतात आणि उतरल्यावर, इतर प्रवाशांसमोर, चाकं जरा जोरात टेकली असं सांगतात.