बंद फाटकापलीकडे

उघड्या दाराकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. कुलूप दिसले, की मात्र माणसाची कल्पनाशक्ती खडबडून जागी होते. दिवाळीत मुलांचा डोळा नेमका फळीवरच्या सर्वांत उंच डब्यावर असतो, तो काही उगीच नव्हे!

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. मागे एका सुटीत तो शेजारच्या नेवाडा राज्यात भटकून आला आणि त्याने मला फोटो पाठवले. ओसाड माळ, कच्चा रस्ता, टेकडीवर उभी असलेली पहाऱ्याची गाडी आणि पाट्याच पाट्या. त्यांतली एक म्हणे, येथे फोटो काढण्यास सक्त मनाई आहे. फोटो होता तो तिचाच! खाली त्याने लिहिले होते, "मामा, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गुपिताचे हे दार."

या गुपिताचे नाव 'एरिया ५१'. ग्रूम लेक या कोरड्या तळ्याकाठी १९५५ साली अमेरिकेने 'यू-२' या टेहळणी विमानाच्या चाचण्या सुरू केल्या. प्रवासी विमाने तेव्हा दहा-वीस हजार फुटांवरून जात. हे साठ हजारांच्याही वर चढे. खाली सांज झालेली असे, पण एवढ्या उंचीवर त्याचे पंख उन्हात झळाळत. पाहणाऱ्यांना वाटे, उडती तबकडीच ती! सरकारला खरे सांगण्याची सोय नव्हती. मग कोणाला हवेच्या तापमानाचे कारण सांगावे, कोणाला बर्फाच्या कणांचे. लोकांचा विश्वास बसला तो तबकडीवरच.

पुढे १९८९ मध्ये एका गृहस्थाने दूरचित्रवाणीवर सांगितले, की या तळाजवळ आपण परग्रहावरची याने हाताळली. पुरावा नव्हता, पण पुरावा मागतो कोण? १९९६ मध्ये जवळच्या हमरस्त्याला परग्रहवासीयांचे नाव मिळाले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने 'यू-२'चा इतिहास खुला केला आणि या तळाचे नाव अखेर उच्चारले. तरी २०१९ साली वीस लाखांवर लोकांनी तळावर चालून जाण्याची घोषणा केली. प्रत्यक्ष जमले काही हजार, आणि तेही गाणी ऐकून परतले.

इथवर सारी गंमतच आहे. पण या गमतीआड काही माणसे दिसेनाशी झाली आहेत. १७ नोव्हेंबर १९५५ रोजी या तळाकडे निघालेले विमान डोंगरावर आदळले आणि चौदा जण गेले. ते कोणत्या कामावर होते, हे त्यांच्या घरच्यांना चाळीस वर्षे कळले नाही. १९९४ मध्ये तळावरचे काही कामगार आणि दोन विधवा न्यायालयात गेल्या. विषारी कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जाई, त्या धुराने माणसे आजारी पडली, अशी त्यांची तक्रार होती. काय जाळले, एवढेच त्यांना हवे होते. सरकार तळाचे नावही सांगेना. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनीच ही माहिती उघड करण्यातून तळाला सूट दिली आणि खटला बारगळला.

देशाला गुपिते ठेवावी लागतात, हे मला मान्य आहे. विमानाचा आराखडा शत्रूच्या हाती पडू नये, हे कोणालाही पटेल. पण नवऱ्याच्या अंगावर चट्टे का उठले, हे बायकोला कळल्याने कोणते राज्य बुडते? मला तर वाटते, त्या फाटकावरचा सर्वांत भरवशाचा पहारेकरी गाडीत बसलेला नाही. तो पहारेकरी म्हणजे अफवा. कोणी तिला मुद्दाम नेमले असो वा नसो, ती पगार मागत नाही, झोपत नाही, आणि आलेल्यागेलेल्याचे तोंड आकाशाकडे वळवून देते. परग्रहावरच्या पाहुण्याचे डोळे केवढे, हे तिथे शेंबडे पोरही सांगेल. त्या दोघींची विचारपूस करणारा मात्र विरळा.

त्या फाटकातून उद्या तबकडी बाहेर आली, तर मीही ती पाहायला धावेन, नाही म्हणत नाही. पण त्याआधी एक साधा कागद बाहेर यावा. त्या खड्ड्यांत काय जळत होते, त्याची यादी त्यावर असावी.