न्हाणीघरातील निर्गंध विष

नागपुराहून भंडाऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर आमचे शहापूर आहे. पौष-माघात या बाजूस थंडी अशी पडते की पहाटेच्या स्नानाचा नेम भल्याभल्या कर्मठांचाही डळमळतो. आमच्या बाळपणी परसात तांब्याचा बंब धुमसत असे. धुराने डोळे चुरचुरत, म्हणून तो घराबाहेरच राही. हल्ली त्याची जागा गॅसच्या गिझरने घेतली आहे. धूर नाही, राख नाही, तोटी फिरवावी की कढत पाणी हजर! धूर दिसत नाही म्हणूनच हे यंत्र न्हाणीघराच्या आत शिरले, आणि अनर्थाचे मूळ नेमके तेथेच आहे.

गतवर्षी आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबातील थोरली सून डोक्यावरून नहावयास गेली ती पाऊण तास झाला तरी बाहेर येईना. दार फोडले तो ती बेशुद्ध पडलेली. मोकळ्या हवेत आणल्यावर काही वेळाने सावध झाली. मग घरात निदानांची रेलचेल उडाली. सासूबाईंच्या मते एकादशीचा निर्जळी उपवास बाधला. धाकटे दीर म्हणाले, फेफरे असावे. एका आप्तांनी तर दृष्ट काढावयास सांगितले. दवाखान्यात मेंदूचे चित्र काढले, ते निर्दोष निघाले आणि मंडळी निश्चिंत झाली. तीन आठवड्यांनी मात्र तीच सून भाजीत दोनदा मीठ घालू लागली, नित्याच्या माणसांची नावे विसरू लागली, चालताना तिचे पाऊल अडखळू लागले. पुन्हा चित्र काढले, तेव्हा मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यात दोन्ही बाजूंस डाग उमटलेले दिसले. ‘न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे काय?’ हा प्रश्न डॉक्टरांनी त्या दिवशी प्रथम विचारला. तोवर घरच्या कोणीही ती गोष्ट आपण होऊन सांगितली नव्हती.

यातील शास्त्र थोडक्यात असे. गॅस पुरता जळावयास भरपूर हवा लागते. दारे-खिडक्या लावलेल्या चिंचोळ्या न्हाणीघरातील प्राणवायू ज्वाला झपाट्याने संपविते, ज्वलन अपुरे राहते व कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू उत्पन्न होतो. सिलिंडरातील गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळलेले असते. या वायूस मात्र रंग नाही, वास नाही. ‘वास आला नाही, म्हणजे काही गळले नाही,’ असे लोक म्हणतात ते खरे असते, पण त्याचा उपयोग शून्य. रक्तातील हीमोग्लोबिनास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. इ. स. १८९५ च्या सुमारास जॉन स्कॉट हॉल्डेन या संशोधकाने तो स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदविले. (यांचेच चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरास वारले.) करोनाच्या साथीत घरोघर आलेले बोटास लावावयाचे यंत्रही येथे फसते. विषारी वायूने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरल्यासारखेच भासते.

मेंदूच्या चित्रावर म्हणजे एम्. आर्. आय्. वर आपल्या सुशिक्षित घरांचा भारी विश्वास. या विषबाधेत मेंदूच्या गाभ्यातील ‘ग्लोबस पॅलिडस’ नावाच्या जोडभागावर, उजवीकडे व डावीकडे सारखेच, डाग पुष्कळदा दिसतात. लॅटिन भाषेत या नावाचा अर्थ फिकट गोळा असा आहे. परंतु पहिल्या दिवशीचे चित्र स्वच्छ आले म्हणजे रोगी सुटला असे नव्हे. काही रोगी बरे झाल्यासारखे वाटतात आणि काही दिवसांनी वा आठवड्यांनी विस्मृती, चालीतला मंदपणा, स्वभावातला पालट ही लक्षणे डोके वर काढतात. रक्तातील वायूची तपासणीही तात्काळ झाली तरच उपयोगी. साध्या हवेत त्याचे प्रमाण निम्म्यावर यावयास चार-पाच तास लागतात, मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिल्यास दीड तासाच्या आतबाहेर. तेव्हा डॉक्टरांस गिझरची वार्ता पहिल्या वाक्यातच सांगणे, हे आमच्या मते चित्राहून मोलाचे. ती सून पुढे कित्येक महिन्यांनी बरीच सुधारली. तरी धोब्याचा हिशेब अजून धाकट्या जावेकडेच आहे.

हा प्रकार आमच्याच गावकुसात घडतो असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या बोरिवलीत एका शाळकरी मुलीचा न्हाणीघरातील अशाच गिझरपायी अंत झाला. आपल्या देशातील मज्जाविकारतज्ज्ञांनी तर या विकारास ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे.

उपाय मात्र नळ बसविणाऱ्या कारागिराच्या हातचा आहे. गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेच्या भिंतीस लावावा आणि पाणी तेवढे नळाने आत आणावे. तोवर निदान बादली भरून, गिझर बंद करून, खिडकी उघडून मगच स्नानास बसावे. आणि गॅसच्याच नावाने बोटे मोडण्याचे कारण नाही. कोळशाची शेगडीही हाच वायू सोडते. बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या गच्च लावून आत निखारे फुलविण्याची आमच्या घरांतील चाल तितकीच घातक आहे. शेक झाला की शेगडी अंगणात न्यावी, एक खिडकी उघडावी. आजीबाई थोड्या रागावल्या तर रागावू द्याव्यात.