अब्बांची गादी

फजरच्या अजानीआधीच माझ्या मुलीच्या शिंका सुरू व्हायच्या. दहा, बारा, मग मी मोजणं सोडून द्यायची. पावसाळ्यात रात्रीचा खोकला आणि छातीत शिट्टी. सासूबाईंनी नजर उतरवली, दम केलेलं पाणी आणलं. मी दही-केळी बंद केली. दोन वर्षं अशीच गेली.

शेवटी कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी तिच्या हातावर थेंब टाकून सुईने टोचून पाहिलं. पंधरा मिनिटांत एका थेंबाखाली डास चावल्यासारखी गांधी उठली. तो थेंब धुळीतल्या माइट नावाच्या जिवाचा होता.

"आमच्या घरात किडे?" सासूबाईंना ते फार लागलं. पाच वेळच्या नमाजसाठी पाकी सांभाळणारं घर आमचं. डॉक्टर म्हणाले, "आजी, हा स्वच्छ घरातही असतो." कोळी-गोचिडीच्या कुळातला, आठ पायांचा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. ढेकणासारखा चावत नाही. आपल्या अंगावरून झडलेला कोंडा खातो. पाणीसुद्धा पीत नाही, हवेतला ओलावा ओढून घेतो. म्हणून आपला पावसाळा त्याला मानवतो. खरा त्रास त्याच्या विष्ठेचा. ती धुळीबरोबर नाकात जाते आणि ज्यांना सोसत नाही त्यांना शिंका, दमा, कुणाला इसब. हॉलंडमधल्या लेडनच्या संशोधकांनी १९६४ साली या जिवाकडे बोट दाखवलं; तोवर सगळा दोष नुसत्या धुळीवर जायचा.

मग डॉक्टरांनी विचारलं, "मुलगी झोपते कशावर?"

मी गप्पच झाले. माझे मर्हूम अब्बा नदाफ. पेठ वडगावात त्यांच्या पिंजणीच्या तातेचा आवाज ऐकतच आम्ही भावंडं वाढलो. माझ्या निकाहच्या वेळी त्यांनी स्वतः कापूस पिंजून गादी भरली, एकेक टाका स्वतः घातला. चौदा वर्षं झाली. त्याच गादीवर मी मुलीला कुशीत घेऊन झोपत होते.

"कडक ऊन देते," मी म्हटलं. ते म्हणाले, "द्या, कोरडेपणाने तो मरतो. पण मेल्यावरही त्याची घाण कापसातच राहते." चादरी, अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे आणि गादी-उशीला घट्ट विणीची खोळ घालायची. झोपण्यापूर्वी बिछाना झटकणं ही सुन्नत. मी मात्र तो मुलीच्या तोंडासमोरच झटकत होते! आता तिला बाहेर पाठवते, खिडक्या उघडते, मग झटकते आणि फरशी ओल्या फडक्याने पुसते.

गादी उसवायला भावाला बोलावलं. त्याने कापूस मुठीत दाबून पाहिला. "आपा, यात आता दम नाही," एवढंच म्हणाला आणि पोती उचलून घेऊन गेला. त्या दिवशी मी जेवले नाही.

पट्ट्यापट्ट्यांची खोळ मात्र ठेवून घेतली. बंबाच्या कढत पाण्यात दोनदा धुतली. मुलीची जाड मखमली जानमाज होती, सजद्यात गेली की तिला तिच्यावरही शिंका यायच्या. खोळीच्या कापडाची एक पातळ जानमाज शिवून दिली. पंप अजून दप्तरात असतो, पावसाळ्यात लागतोही. पण दर जुम्म्याला ती स्वतःहून विचारते, "अम्मी, नानांची जानमाज धुवायला टाकू?"