वणव्याचा राखणदार

रतनगडाच्या नेढ्यात उभं राहिलं की कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग एका नजरेत येतात. गडावरून पूर्वी शत्रूवर नजर ठेवत. आता उन्हाळाभर या डोंगरांवर नजर ठेवावी लागते ती वणव्यासाठी. १९८६ साली हा भाग अभयारण्य झाला. डेहराडूनहून उपग्रहाचा इशारा वनखात्याच्या मोबाईलवर येतो. पण त्यातला एक ठिपका ३७५ मीटरचा. आग कड्याच्या वर की खाली, वारा कुठला, हे तिथं चालत गेलेल्या हंगामी राखणदारालाच कळतं. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून तो ती विझवतो. किल्लेदारांची नावं आपण बखरींत शोधतो. कारवी वाचवणाऱ्या या माणसाचं नाव मात्र मला कुठल्याच फलकावर दिसलं नाही. पाऊस आला की हंगाम संपतो, त्याचं कामही.