जाताना बोगदा, येताना घाट

मार्च 2025. पहाटेची वाई–स्वारगेट एसटी. खिडकीशी बायको, तिच्या मांडीवर जाडजूड फाइल. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला आम्ही पुण्याला निघालो होतो. दुसऱ्यांदा.

मी बरीच वर्षं लंडनजवळ स्लाउला नोकरी करतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतला तेव्हा भारतीय पासपोर्ट परत करावा लागला, हाती ओसीआय कार्ड आलं. त्यामुळे इथे मी परदेशी आणि तिथे ती. ती वाईजवळच्या शाळेत शिकवते, अंथरुणाला खिळलेल्या आईला सांभाळते. कायमचं तिकडे यायचं तिच्या मनात नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तीन आठवडे यावं, मी राहतो ते घर बघावं, एवढीच आमची इच्छा.

सुरूर फाटा मागे टाकून गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरली. अंधारात तिनं विचारलं, "अहो, सातबारा घेतलाय ना?"

"घेतलाय. भाषांतरासकट."

इंग्रजीत नसलेल्या कागदाला प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. 'भोगवटादार' इंग्रजीत कसा लिहायचा, यावर भाषांतर करणाऱ्याशी अर्धा तास बोलणं झालं होतं. शिवाय पगाराच्या पावत्या, बँकेचा हिशेब, मुख्याध्यापकांचं रजेचं पत्र. शाळा 16 जूनला उघडणार, हे त्यात ठळक लिहून घेतलं होतं.

आदल्या वर्षी पहिल्या अर्जाला नकार आला, त्या पत्राचा मथितार्थ असा होता: नवरा इथे राहतो, तेव्हा तुम्ही मुदतीत परत जाल याची खात्री वाटत नाही. नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांना पूर्वी अशा नकारावर अपील करता यायचं. जून 2013 पासून तो हक्क जवळजवळ संपला. उरतं ते पुन्हा अर्ज करणं, पुन्हा शुल्क भरणं; तेव्हा ते 115 पौंड होतं. जोडीदाराचा व्हिसा वेगळा असतो. त्याला एप्रिल 2024 पासून वर्षाला किमान 29,000 पौंड उत्पन्न लागतं आणि दोघांनी कायम तिथेच एकत्र राहायचा इरादा सांगावा लागतो. ती म्हणाली, "जे करायचं नाही, ते मी लिहून देणार नाही." मला ते पटलं.

पाहुण्यानं वेळेत परत जावं, ही कुठल्याही देशाची अपेक्षा रास्तच आहे. पण लग्न झालंय हाच संशयाचा आधार का व्हावा? नवऱ्याला भेटायची ओढ ही तिथेच राहून जाण्याची खूण का मानावी?

पुण्यातल्या व्हिसा केंद्रात ती एकटी गेली. मी तिची पर्स आणि मोबाइल घेऊन बाहेर पायरीवर बसलो. तासाभरानं आली ती उजवा अंगठा चोळत. "उमटतच नव्हता. तीनदा पुसला, तेव्हा कुठे घेतला मशीननं." मी हात हातात घेतला. अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्या होत्या. खडू, भांडी, आईचं रोजचं धुणं. वर्षातून एकदा येणाऱ्या मला हे आजवर दिसलं नव्हतं.

निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. त्यावर काही न बोलता आम्ही परतीची गाडी धरली. शिरवळ गेलं. पुण्याकडून येणारी वाहनं तेव्हा बोगद्यातून जात नसत, त्यांना खंबाटकीचा घाटच चढावा लागायचा. गाडी पहिल्या गिअरवर कण्हत वळणं घेऊ लागली. तिनं पिशवीतून सहावीचे पेपर काढले, पण हादऱ्यांत लाल पेन चालेना, तशी ठेवून दिले. मग शेजारच्या काकूंना फोन लावला.

"काकू, आईला वाढू नका. घाटात आहे मी, तासाभरात पोचतेच. माझ्याशिवाय ती नीट जेवत नाही."

फाइल माझ्या मांडीवर होती. तिच्या परत येण्याचे आम्ही गोळा केलेले सगळे पुरावे त्यात होते. हा एक मात्र त्यात नव्हता.