कंपनीचं की लोकल?

स्प्लेंडरचे मागचे ब्रेक लायनर संपले. भोरच्या मेकॅनिकने दोन जोड समोर ठेवले, एक कंपनीचा, एक लोकल. लांबून सख्खे भाऊ. हातात घेतल्यावर लोकलच्या कडेला चिकटवणीचा ओघळ दिसला, पट्टीही एका टोकाला किंचित उचललेली.

कापूरहोळपर्यंत जाण्यायेण्याला तो चाललाही असता. पण वरंधा किंवा पाबे घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ड्रम तापतो आणि हलक्या लायनरची पकड नेमकी तिथेच सुटते. म्हणून ब्रेक, क्लच प्लेटा, चेन-स्प्रॉकेट कंपनीचंच. तिथे घासाघीस नाही. आरसा, इंडिकेटरची काच, साइड पॅनल मात्र पुण्याच्या नाना पेठेतून, स्वस्तातलं. वेल्ह्याच्या (आता राजगड तालुका म्हणायचं!) पावसात महागडा पत्रा तरी किती टिकणार?

माझी गाडी हिरो आणि होंडा एकत्र होते तेव्हाची. २०१०च्या डिसेंबरात दोघांनी फारकत जाहीर केली, तरी सामान अजून मिळतं, कारण गावोगाव हीच गाडी. शेजारच्या काकांच्या जुन्या चेतकला ही चैन नाही. मिळेल ते घ्यायचं, नाहीतर लेथवाल्याकडे जायचं.

लायनर कंपनीचे घेतले. डबा मात्र उघडूनच, सील आणि छापील किंमत बघून. डुप्लिकेट मालालाही हल्ली झकास डबा असतो.